परबांचा निचरेश्वर

परब कुणाच्याही घरी गेले की आधी कुकर बघायचे, माणसं नंतर. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा ते आले, चपला काढल्या, चौरंगाकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि सरळ ओट्याकडे गेले. कुकरचं झाकण उचललं, डोळ्याशी नेलं आणि मला विचारलं, "मंदाताई, ही बारकी गोळी कधी बदललीत?"

मी म्हटलं, "परबभाऊ, आधी तीर्थ तरी घ्या."

"तीर्थ कुठं पळत नाही. शिट्टी अडली की ही गोळी उडणार. उडाली तर वाफ कुठं जाणार, ते बघून ठेवलंय का?"

मी काय बघून ठेवणार, कप्पाळ! भात लागू नये एवढंच मी आयुष्यभर बघितलं. परबांनी खिशातून खडू काढला आणि आमच्या हिरव्या ऑइलपेंटच्या भिंतीवर हा एवढा बाण ओढला. बाणाच्या टोकाशी लिहिलं, 'येथे बसू नये'. आता गंमत अशी की तिथे बरोब्बर माझ्या सासूबाईंचा पाट असायचा. त्यावर बसून त्या मला स्वयंपाक शिकवायच्या, म्हणजे मी करायचे आणि त्या बोलायच्या. त्या दिवशी त्यांनी बाण वाचला, परबांच्या तोंडाकडे बघितलं आणि पाट उचलून गॅलरीत नेला. माझ्या नवऱ्याला सात वर्षांत जे जमलं नव्हतं ते या माणसानं एका खडूत केलं. मी परबांना शिरा दोनदा वाढला. ते लाल बावट्याचे, देव न मानणारे. शिरा खाताना म्हणाले, "देवाला माझा विरोध आहे, तुपाला नाही."

आत्माराम परब गिरणीत बॉयलरवर होते. पंचवीस वर्षं वाफेत काढलेली. संप झाला, लांबला, माझ्या नवऱ्यासारखी हजारो माणसं घरी बसली. मी लालबागच्या एका गल्लीत वाफेवरच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायला लागले. हॉटेलांचे नॅपकिन, हॉस्पिटलच्या चादरी, सगळं यायचं. आम्ही बारा बायका एका लांब टेबलाभोवती उभ्या असायचो. टेबलामागे पत्र्याची आडभिंत आणि तिच्यापलीकडे कोळशावरचा बॉयलर. आधीचा बॉयलरवाला गावी शेती करायला गेला आणि त्याच्या जागी परब आले. बुटके, खाकी हाफ शर्ट, मान कायम थोडी वर. वरून कुठली नळी कुठे जाते ते बघायची सवय लागून ती मान तशीच राहिली असावी.

पहिल्याच दिवशी त्यांनी बॉयलर पेटवला नाही. सकाळचे आठ वाजले, नऊ वाजले, आम्ही हात बांधून उभ्या. मालक रेगेसाहेब दादरहून आले. माणूस सज्जन, बोलणं मऊ, पण खिसा घट्ट.

"अहो परब, काय झालं? कोळसा नाहीये का?"

"कोळसा आहे. हे काय आहे?" परबांनी वर बोट दाखवलं. बॉयलरच्या डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह होता. आत वाफेचा दाब जास्त झाला की तो आपोआप उघडतो आणि वाफ बाहेर सोडतो, एवढं आम्हालाही ठाऊक होतं. त्याच्या तोंडाला एक आखूड नळी होती आणि नळीवर उघडबंद करायचा पितळेचा कॉक.

"तो कॉक मी बसवून घेतलाय," रेगेसाहेब म्हणाले. "वाफ सुटली की फार आवाज होतो हो. शेजारची चाळ तक्रार करते. मग तो जरा बंद ठेवायचा."

परब म्हणाले, "साहेब, तुमच्या घरात आग लागली तर पळायच्या दाराला तुम्ही बाहेरून कडी लावता काय? आवाज होतो म्हणून?"

"अहो, पण बंद कुठे कायम असतो? कधीकधी."

"आणि ती नळी सुटते कुठं? बघा." परबांनी खडू काढला आणि आडभिंतीच्या पत्र्यावर बाण ओढला. बाण आमच्या टेबलाकडे. पत्र्याला वर दोन हात फट होती. म्हणजे व्हॉल्व्ह उडाला असता तर वाफ आमच्या बारा जणींच्या मानेवर आली असती. इतकी वर्षं आम्ही तिथे उभ्या राहून जाऊबाईंच्या तक्रारी करत होतो.

"टेबल हलवा," परब म्हणाले.

"जागा कुठे आहे हो?"

"मग सुटका हलवू." त्या नळीला ते 'सुटका' म्हणायचे. रेगेसाहेब 'बघू, बघू' म्हणेपर्यंत परबांनी शिडी लावली, पान्यानं कॉक काढला आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. पुढे रेगेसाहेबांनी तो बिलांवर ठेवायला वापरला. वजनदार होता, चांगला टिकला.

नवी नळी आणायची ठरली तर रेगेसाहेबांनी घरातली उरलेली एक इंची नळी आणली. परबांनी ती हातात घेतली, व्हॉल्व्हच्या दोन इंची तोंडाला लावून बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, उद्या तुम्ही शर्टाच्या बाहीत पाय घालून या ऑफिसला. आलात तर मी ही नळी लावतो." आम्ही बायका टेबलाखाली वाकून हसलो. दुसऱ्या दिवशी दोन इंची नळी आली.

मग ती नळी छपरातून वर काढायची, तर तिचं वजन व्हॉल्व्हवर पडू नये म्हणून परबांनी भिंतीला लोखंडी ब्रॅकेट ठोकायला घेतले. एक, दोन, तीन. रेगेसाहेब म्हणाले, "अहो, नळी काय पळून जाणारे का? एक पुरे." परब शिडीवरूनच बोलले, "सगळं घर सुनेच्या डोक्यावर टाकलंत तर वेळेला ती उठणार कशी? व्हॉल्व्हला उठायचं असतं साहेब. त्याच्या डोक्यावर काही नको." यावर आमच्या जानकीअक्का एवढंच म्हणाल्या, "बरोबर सांगता हां हो." अक्का साठीच्या, मालवणकडच्या, पाच सुना असलेल्या. त्या सुनांनी हे ऐकलं असतं तर परबांचा फोटो लावला असता.

नळीचं वरचं तोंड कुठे करायचं यावर शेजारच्या चाळीशी भांडण झालं ते वेगळंच. तिसऱ्या माळ्यावरचा एक जण गॅलरीतून ओरडला, "माझ्या खिडकीसमोर तोफ लावता काय?" परब वर गेले, त्याच्याच घरी चहा प्यायले, त्याच्या गॅलरीतून नळी बघितली आणि कबूल केलं, "तुझं बरोबर आहे रे. खालून दिसत नव्हतं." खाली येऊन नळी दीड हात आणखी वर नेली आणि तोंड रेल्वेच्या बाजूला वळवलं. स्वतःची चूक असली की हा माणूस लगेच कबूल करायचा, आणि दुसऱ्याची असली तर जन्मभर सोडायचा नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

आता निचऱ्याचं सांगते. व्हॉल्व्हमधून निघाल्यावर नळी जिथे वळून वर जाते, त्या बेंडच्या तळाला परबांनी एक भोक पाडलं. त्याला बोटाएवढी तांब्याची नळी लावली आणि ती अंगणातल्या मोरीवर सोडली. वरून पावसाचं पाणी येतं, वाफ थंड होऊन पाणी होतं, ते बेंडमध्ये साचू नये म्हणून. साचलं आणि त्यात व्हॉल्व्ह उडाला, तर ते पाणी मागून बंदुकीच्या गोळीसारखं ढकललं जातं आणि बेंडच तुटून येतो, असं परब म्हणायचे. कुणी विचारो न विचारो, म्हणायचे. जेवताना म्हणायचे. हळदीकुंकवाच्या गप्पांतसुद्धा आडून म्हणायचे, "निचरा पाहिजे. माणसाला काय, नळीला काय."

व्हॉल्व्ह जुना होता, जरासा गळायचा, त्यामुळे त्या तांब्याच्या नळीतून दिवसभर थेंब थेंब पाणी पडायचं. लोकांना गळणारी वस्तू बघवत नाही. वॉचमननं पहिल्यांदा भोकात चिंधी कोंबली. परबांनी काढली आणि वॉचमनला अर्धा तास उभं करून समजावलं. मग रेगेसाहेबांच्या मेहुण्यानं लाकडाची खुंटी मारली. त्यालाही समजावलं, त्यानं पुढे आठ दिवस लाँड्रीत पाऊल टाकलं नाही. आणि तिसऱ्यांदा मी स्वतः भोक बुजवलं. होय, मीच. एका हॉटेलचे पांढरेशुभ्र नॅपकिन मोरीजवळ ठेवले होते, त्यांवर शिंतोडे उडाले, मी वैतागून साबणाचा तुकडा घेतला आणि भोकात दाबून बसवला. छान बसला.

दुपारी परबांनी बघितलं. मी म्हटलं, आता आपली तासाभराची निश्चिती. पण परबांनी नुसता साबण खरवडून काढला, तार घालून भोक साफ केलं, आणि तीन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या समजावण्यापेक्षा ते गप्प राहणं मला जास्त लागलं.

सोमवारी सकाळी आलो तर मोरीवर, थेंब पडतो त्या जागी, एक काळा गुळगुळीत दगड. उभट, वर गोल. दादरच्या चौपाटीवरून आणल्यासारखा. थेंब बरोब्बर त्याच्या डोक्यावर पडत होता. टप्. टप्. टप्.

जानकीअक्का थबकल्या. "अगो बायांनो," त्या म्हणाल्या, "ह्यो अभिषेक चाललोहा."

अर्ध्या तासात बेलाचं पान आलं. दुपारपर्यंत हळद, कुंकू आणि एक जास्वंद. संध्याकाळी रेगेसाहेब मोरीकडे आले ते चपला काढून. त्यांचा मेहुणा, तोच तो खुंटीवाला, हात जोडून उभा. परब बॉयलरजवळ कोळसा ओढत होते, त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "परबभाऊ, हा दगड कुणी ठेवला?"

"मला काय ठाऊक?"

"लाल बावट्याला कळलं तर?"

"लाल बावट्यानं येऊन बघावं, भोक उघडं आहे का बंद आहे," परब म्हणाले आणि फावडं आपटलं.

त्या दिवसापासून भोकाला कुणाची हात लावायची छाती झाली नाही. देवाचं नाव निचरेश्वर असं मीच ठेवलं, आणि ते चाललं. उलट झालं असं की पहारा वाढला. एकदा गंज अडकून थेंब थांबला तर अक्का पदर खोचून धावत आल्या, "परबा! देवाक पाणी नाय आनि तू चाय पितंस?" परब कप तसाच ठेवून तार घेऊन पळाले. पंचवीस वर्षांत गिरणीतल्या एकाही इंजिनियरनं त्यांना इतक्या लवकर खबर दिली नसेल.

पण खरी पंचाईत पुढे झाली. बॉयलर तपासायला इन्स्पेक्टर येणार म्हणून परबांनी रेगेसाहेबांच्या मागे लागून व्हॉल्व्ह दुरुस्त करून घेतला. आता तो चोख बसला. गळेना. गळेना म्हणजे थेंब पडेना, आणि थेंब पडेना म्हणजे अभिषेक बंद. बायकांत खळबळ. कुणी म्हणालं कोप झाला, कुणी म्हणालं विटाळ झाला, एकीनं तर माझ्याकडे बघितलं. परब ओरडून सांगायचे, "अगे, पाणी नाही म्हणजे चांगलं! व्हॉल्व्ह नीट बसलाय!" कोण ऐकतंय?

तिसऱ्या दिवशी मी आले तर परब मोरीपाशी कमरेवर हात ठेवून उभे. बेंडच्या तांब्याच्या नळीला सलाइनची बाटली बांधलेली, तिची प्लॅस्टिकची नळी तांब्याच्या नळीत खुपसून वर कापसानं आणि पट्टीनं करकचून गुंडाळलेली. हॉस्पिटलच्या चादरींतून आमच्याकडे असलं काहीबाही यायचंच. बाटलीतलं पाणी मात्र चिंब भिजलेल्या पट्टीतून बाजूनं टपकत थेट निचरेश्वरावर. जानकीअक्का समाधानानं हात पुसत होत्या.

"अक्के," परब म्हणाले. आवाज अगदी खाली. "देव आजारी आहे काय? सलाइन लावलंस ता?"

"देवाक सुको कसो ठेवतलंय?"

"भोक बंद केलंस तू."

"थेंब पडता मां!"

परबांनी डोळे मिटले. मला वाटलं आता फुटतात. पण त्यांनी पट्टी सोडली, प्लॅस्टिकची नळी काढली, तार घालून भोक मोकळं केलं, आणि बाटली उचलून शेजारच्या भिंतीवर एका वेगळ्या खिळ्याला टांगली. "सुटकेवर वजन नको," ते म्हणाले. मग खाली बसले आणि बाटलीच्या नळीवरच्या चाकाशी खेळत थेंब बरोब्बर दगडाच्या डोक्यावर येईपर्यंत नेम धरत राहिले. रेगेसाहेब मागून आले. बघतात तर परब गुडघ्यावर, मान वर, निचरेश्वरासमोर. साहेबांना भरून आलं. "परब," ते म्हणाले, "शेवटी आलात ना मार्गावर."

परबांनी तार उचलली. रोज सकाळी ते त्याच गुडघ्यांवर बसून भोकात तार घालायचे आणि बायका म्हणायच्या, बघा, किती मन लावून करतात.

मग तो मंगळवार. जेवणाच्या सुट्टीआधी चादरी दाबायच्या मशीनचा पट्टा तुटला. मशीन थांबलं, वाफ घेणारं कुणी उरलं नाही, आणि बॉयलरमध्ये आताच टाकलेला कोळसा लाल. कोळसा काही गॅससारखा कान पिळून बंद होत नाही. परबांनी ओरडून सांगितलं, "बायांनो, बाहेर!" पण आम्ही पदर सावरतोय, चपला शोधतोय, एक जण डबा घ्यायला परत फिरलीय, तोवर व्हॉल्व्ह उडाला.

तो आवाज मी सांगू शकत नाही. पत्रा थरथरला. माझ्या तोंडातून किंकाळी निघाली ती मलाच ऐकू आली नाही. मी खाली बसले, डोक्यावर हॉटेलची चादर. तांब्याच्या नळीतून उकळत्या पाण्याची धार मोरीत सुटली, दगड कुठल्या कुठे गडगडला, आणि वर, छपराच्या वर, रेल्वेच्या बाजूला पांढरा ढग. खाली आमच्यावर एक थेंब नाही. नळी ब्रॅकेटमध्ये गच्च उभी. बेंड हललासुद्धा नाही.

आवाज थांबला तेव्हा परब टेबलाशी उभे होते आणि आम्हाला बोटानं मोजत होते. एक, दोन, तीन. बारापर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं आणि रेगेसाहेबांना म्हणाले, "आज मला सुट्टी पाहिजे." तोवर त्यांनी कधी सुट्टी घेतली नव्हती. अक्का निचरेश्वराचा दगड शोधून आणत रडत होत्या, देवानं वाचवलं म्हणून. परबांनी ते ऐकलं आणि ऐकू दिलं. मग माझ्याकडे वळले. "मंदाताई, तुम्ही माझ्याबरोबर शीवला चला. तुम्ही तिथे होतात, तुम्ही सांगा. माझं एकट्याचं तो खरं मानणार नाही."

"कोण तो?"

ते बसमध्ये सांगितलं. भिकाजी तांबे, गिरणीत परबांबरोबर बॉयलरवर होता. एका दुपारी सुटकेचा बेंड तुटून आला, तो भिकाजीच्या तोंडावर. डोळे गेले. नळीत पाणी साचलं होतं असं चौकशीत निघालं. निचऱ्याचं भोक कशानं बंद झालं ते निघालं नाही.

"माझ्या डब्यावर थेंब पडायचे," परब म्हणाले. खिडकीबाहेर बघत. "रोज डबा उघडला की टप्. मी चिंधी कोंबली. जेवून झालं की काढणार होतो. तेरा वर्षं झाली. दर रविवारी मी त्याला पेपर वाचून दाखवतो. हे त्याला सांगितलेलं नाही."

माझ्या साबणावर हा माणूस का गप्प बसला, ते आता कळलं.

शीवला एका चाळीतल्या खोलीत भिकाजी खाटेवर बसले होते. परबांची चाहूल लागली तसे म्हणाले, "आज मंगळवार ना रे? खंय चुकलंस?" परबांनी माझी ओळख करून दिली. मी सगळं सांगितलं. पट्टा तुटला, कोळसा लाल, आम्ही बारा जणी आत, व्हॉल्व्ह उडाला. भिकाजींनी एकेक गोष्ट विचारून घेतली, अगदी कारागिरासारखी.

"पाणी खंयसून गेला?"

"निचऱ्याच्या भोकातून," मी म्हटलं. "सगळं."

"बेंड?"

"हलला नाही."

मग परब बोलले. उभ्याउभ्याच, एका दमात. डबा, चिंधी, जेवून झालं की काढणार होतो. खोलीत शेजारच्या रेडिओचा आवाज येत होता तेवढाच. मी पदर तोंडाला लावला.

"बारा बायका होत्यो मां?" भिकाजींनी परबांना विचारलं.

"बारा."

"मोजलंस?"

"दोनदा."

"हां." भिकाजींनी खाटेवर हातानं जागा चाचपली आणि थोडे सरकले. "बस. पेपर हाडलंस काय?"

परबांनी बसस्टॉपवर घेतलेला पेपर उलगडला. मी निघाले, त्या दोघांत माझं काम उरलं नव्हतं. पुढे चार वर्षं आम्ही एकत्र काम केलं, परब तसेच होते, तसेच खडूचे बाण ओढत होते. पण मला आठवतात ते त्या दारातून दिसलेले. शेजारी शेजारी दोघं, आणि परब वाचत होते, उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील. भिकाजी म्हणत होते, "मोठ्यान वाच मेल्या, माका आयकाक येणा नाय." पेपर परबांच्या हातात उलटा होता.